एक डोळा दारात

मेट्रोचा खांब वाकला होता. सीताबर्डीच्या गर्दीत, व्हरायटी चौकाच्या थोडं अलीकडे, मुग्धा फुटपाथच्या कडेला कॅमेरा डोळ्याला लावून उभी होती आणि समोरचा तो अगडबंब खांब मधोमध पोट आत ओढून उभा होता, बसमध्ये कुणाला वाट करून देताना माणूस ओढतो तसं. तिला पहिल्यांदा रागच आला. कॅमेरा आत्ताच तर साफ करून आणला होता. परवावर बाबांचं सहस्रचंद्रदर्शन, घरचं कार्य, आणि दुकानदारानं आतली काच पुसता पुसता काहीतरी हलवून ठेवलं असणार. तिनं ओढणीच्या टोकानं काच पुसली. बाजूचं बारीक चाक पुढं-मागं फिरवून पाहिलं. खांब वाकडाच. मग परत जाऊन त्या दुकानदाराला काय काय सुनवायचं, याची मनातल्या मनात जुळणीही झाली, आणि ती जुळवताना कॅमेरा सहज खाली आला. खांब तसाच होता. उघड्या डोळ्यांनीसुद्धा कुठंतरी, किंचित. तिनं उजवा डोळा मिटला तर खांब सरळसोट. डावा मिटला तर वाकडा, आणि वाकल्या जागी कुणी ओला अंगठा फिरवावा तसा एक धब्बा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते असं. बाजूनं एक ऑटोवाला ओरडून गेला, "ओ मॅडम, रस्त्यात काहून उभ्या होऊन राहिल्या?" आणि ती खरंच फुटपाथवरून खाली रस्त्यात उतरलेली होती.

धंतोलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्या हातात एक कागद दिला. त्यावर चौकटी चौकटींचं जाळं आणि मध्ये एक ठिपका. एका डोळ्यानं ठिपक्याकडं बघा आणि रेघा कशा दिसतात ते सांगा, असं ते म्हणाले. मुग्धाला हसूच फुटलं. हे तर तिच्याच कॅमेऱ्याच्या आतलं जाळं होतं. क्षितिज तिरपं होऊ नये, माणूस नेमका कुठं बसवावा हे कळावं म्हणून ज्या रेघा तिला गेली तीस वर्षं आत दिसत होत्या, त्याच इथं कागदावर होत्या आणि त्यांना मध्येच पाण्यात पडल्यासारखं झालं होतं. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध बिघाड आहे, डॉक्टर म्हणाले. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील. वाढणं थांबेल, पण मधलं गेलेलं पूर्ण परत येईल असं सांगता येत नाही. "कडेचं मात्र शाबूत राहील," असं ते जाता जाता म्हणाले, भाजीवाल्यानं वर कोथिंबीर टाकावी तसं. मुग्धानं मान डोलावली. इंजेक्शनची तारीख कार्य झाल्यावरची लगेचची घेतली. मनोहरराव, म्हणजे तिचे यजमान, काटोलला संत्र्याच्या बागेवर होते. फोनवर त्यांना तिनं डोळा तपासला एवढंच सांगितलं. नंदनवनातल्या घरी आल्यावर तिनं चहा केला आणि कप ओट्याच्या कडेच्या जरा बाहेरच ठेवला. तो पडला. तो आवाज ऐकून मग ती रडली.

तिचा उजवा डोळा म्हणजे तिची सगळी कमाई. शाळांचे वर्गाचे फोटो, बारशी, मुंजी, साखरपुडे, सगळं त्या एका डोळ्यातून आत गेलेलं. डाव्यानं बघायचा प्रयत्न तिनं रात्रीचं जेवण बाजूला ठेवून करून पाहिला. डाव्या हातानं घास घ्यावा तसं झालं. घास तोंडात जातो, पण जेवल्यासारखं वाटत नाही. नाक मध्ये येत होतं. चौकट दिसत होती, पण तिच्यात काय ठेवायचं हे कुणी सांगत नव्हतं. उजव्याला ते आपोआप कळायचं. कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लागला की खोलीतला पसारा, पंख्याचा आवाज, पाहुण्यांचं बोलणं, सगळं दूर जायचं आणि चार काळ्या कडांच्या आत समोरचं माणूस आणि ती अशी दोघंच उरायची. बाकीच्या जगाला काही वेळ बाहेर थांबायला सांगायची तेवढी एकच जागा तिच्याजवळ होती.

खिडकी हा शब्द बाबांचा. दत्तोपंत पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि त्यांना आयुष्यात एकच चैन जमली, ती म्हणजे एक जुना कॅमेरा. त्यात बघायची काच भिंगाशी जोडलेली नव्हती. भिंगाच्या वर, डाव्या कोपऱ्यात वेगळी, नखाएवढी चौकोनी काच होती. तिला ते खिडकी म्हणत आणि मुग्धालाही तोच शब्द लागला, पुढं कितीतरी कॅमेरे बदलले तरी. पण लहानपणी त्यांनी तिला एकदम कॅमेरा दिला नाही. आधी एका जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घेऊन त्यात ब्लेडनं चौकोन कापला. गणपती वर तसाच राहिला, आणि "आमचे येथे श्रीकृपेकरून" याच्या खालचं सगळं लग्न कापलं गेलं. त्या भोकातून बघत ती सक्करदऱ्याच्या तलावाभोवती फिरायची. बाबा मागं मागं. "काय दिसून राहिलं?" "तलाव." "तलाव तर मलेही दिसून राहिला, पुठ्ठ्याबिगर. तू त्यातलं काय घेतलं?" मग ती हात लांब करी, जवळ आणी. लांब केला की एकच बदक यायचं, जवळ आणला की अख्खा काठ आणि वर धुणं वाळत घातलेली गच्चीही. काय घ्यायचं हे ठरवता ठरवता काय सोडायचं ते आपोआप ठरत गेलं, आणि सोडलेलं काही हरवत नाही, ते पुठ्ठ्याबाहेर आपल्या जागी असतंच, हे कळून तिला फार सुरक्षित वाटलं होतं. बदकही तिथंच होतं, गच्चीही तिथंच. एवढी मोठी गोष्ट तिला एका फाटक्या लग्नपत्रिकेतून मिळाली, आणि आता डोळा जायला निघाल्यावर तिला त्या पुठ्ठ्याची आठवण इतकी आली की दोन दिवस ती कुठल्याही चौकोनी भोकाकडं बघत राहिली, ग्रीलच्या, जाळीच्या, बिस्किटाच्या पुड्याच्या.

बाबांच्या त्या कॅमेऱ्याची एक खोड होती. खिडकी एका जागी, भिंग दुसऱ्या जागी. लांबचं असेल तर दोघांना सारखंच दिसे, पण माणूस जवळ आलं की खिडकी एक सांगे आणि भिंग दुसरं घेई. सुरुवातीच्या दिवसांत बाबांनी आईचे जितके फोटो जवळून काढले, त्या सगळ्यांत आईचं कपाळ कापलेलं. खिडकीत ती पूर्ण होती, असं बाबा शपथेवर सांगायचे. आई म्हणायची, "तुमच्या फोटोत माझं कुंकू कधी येतच नाही. लोक काय म्हणतील हो, नवरा आहे का नाही या बाईले?" असं म्हणून स्वतःच हसायची. मग बाबांनी नियम केला, डोक्यावर चार बोटं जागा सोडायची. जवळ असो की लांब, डोक्यावर चार बोटं. नातेवाईक चेष्टा करत की दत्तोपंतांच्या फोटोत माणसं कमी आणि आभाळ जास्त. पण त्यानंतर आईचं कुंकू प्रत्येक फोटोत आलं. मुग्धाच्या आजच्या कॅमेऱ्यात भिंगाला दिसतं तेच खिडकीला दिसतं, तिला चार बोटं सोडायचं काहीच कारण नाही. ती तरी सोडते. एका वर्तमानपत्रवाल्यानं एकदा विचारलं होतं की ही तुमची शैली का, तेव्हा तिनं हो म्हणून टाकलं. आईचं कपाळ राहतं तिथं, असं त्याला कुठं सांगत बसणार.

आणि दुसरी शिकवण डोळ्याची. पुठ्ठा संपून कॅमेरा हातात आला तो दिवस तिला पक्का आठवतो, कारण बाबांनी आधी पट्टा तिच्या गळ्यात अडकवला, दोनदा ओढून पाहिला, आणि मगच कॅमेऱ्यावरचा हात काढला. पुढंही दर वेळी तसंच. तिनं कॅमेरा उजव्या डोळ्याला लावला आणि सगळे मिटतात तसा डावा घट्ट मिटला. "तो काहून मिटून राहिली?" बाबा म्हणाले. "उघड तो. एक डोळा घरात, एक डोळा दारात. घरात काय आहे ते खिडकीतून बघ. पण दारात कोणी आलं, कोणी पडून राहिलं, कोणी हसून राहिलं, ते कोण सांगंल तुले?" कितीतरी दिवस तिला दोन चित्रं एकावर एक दिसायची आणि डोकं दुखायचं. मग एक दिवस दोन्ही आपापल्या जागी बसली. तेव्हापासून तिचा डावा डोळा दारात बसलेला होता, घरातल्या जुन्या माणसासारखा. त्यानंच तिला सांगितलं होतं की नवरीचा बाप मांडवाच्या खांबाआड डोळे पुसायला चाललाय. त्यानंच कितीतरी रांगणारी बाळं चौकटीत शिरायच्या आधी पाहिली होती. कौतुक मात्र सगळं उजव्याचं झालं. दारातल्याला कोण विचारतो.

कार्याच्या आदल्या दिवशी दिपालीचा फोन आला. दिपाली म्हणजे धाकट्या भावाची, केयूरची बायको. बाबा सक्करदऱ्याला त्यांच्याकडंच असतात. "ताई, बाबांनी नवंच काढलं आहे. दोन पाट मांडा म्हणतात. एक त्यांचा, एक आईंचा. गुरुजी म्हणाले चालतं, त्यांच्या जागी सुपारी ठेवा. पण फोटोत रिकामा पाट कसा वाटंल हो? तुम्हीच सांगा न त्यांना." मुग्धा म्हणाली, मांड गं दोन. आणि मग, तोंडाशी आलेलं, की उद्याच्या फोटोंना मी दुसरं कुणी पाठवू का, ते तिनं गिळलं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघूनही फोटो निघतात, हे तिला काय ठाऊक नव्हतं? काढून पाहिले होते. हात लांब करून, भाजीवाल्याच्या टोपलीकडं बघावं तसं बघत. फोटो नीटही आले. पण त्यात ती नव्हती, आणि बाबांचा फोटो तिला असा, हातभर लांबून, काढायचा नव्हता. तो खिडकीतून काढता आला तर आपण अजून फोटो काढणाऱ्या आहोत, नाही आला तर नाही. ठरवलं नव्हतं तिनं असं, पण ते ठरलेलं होतं, आणि ते तसंच बरोबर घेऊन ती सकाळी नंदनवनहून निघाली.

सक्करदऱ्याच्या घरात उकडीचा आणि उदबत्तीचा वास होता. कणकेचे दिवे ताटभर वळून ठेवले होते. दत्तोपंत नव्या धोतरात पाटावर बसले होते, ऐंशी ओलांडलेले, कान मोठे झालेले, आणि शेजारी दुसरा पाट, त्याच्याभोवती त्याच रांगोळीची वेल, वर सुपारी. मुग्धानं कॅमेरा सवयीनं उजव्या डोळ्याला लावला. बाबांचा चेहरा जिथं असायला हवा तिथं ओला अंगठा फिरलेला होता. धोतराचा काठ दिसत होता, कान दिसत होते, बाबा नव्हते. तिनं तसाच थोडा वेळ धरून ठेवला, कुणाला कळू नये म्हणून. मग डाव्याला लावला. चेहरा आला, पण कॅमेऱ्याचा सगळा धोंडा उजव्या डोळ्यासमोर आला आणि दार बंद झालं. घरात अंधार नव्हता, पण कोंडल्यासारखं झालं. ती पाटापासून दोन पावलं मागं सरली.

"मुग्धे." बाबा तिच्याकडंच बघत होते. खोलीत आरडाओरड चालली होती, केयूर काडेपेटी शोधत होता, त्याची मुलगी रितिका मोबाइल वर धरून "आजोबा, इकडे" करत होती, आणि त्या सगळ्यातून बाबा, उभा जन्म खिडकीच्या अलीकडं काढलेले, आज पहिल्यांदा पलीकडून तिचा चेहरा बघत बसले होते. "डोळा बदलला का वं?"

तिनं मान हलवली.

"कधीपासून?"

"परवा सीताबर्डीत कळलं. मधलं जात आहे म्हणतात, बाबा. कडेचं राहील."

दत्तोपंतांच्या चेहऱ्यावर दुःख आलं, ते तिला डाव्या डोळ्यानं स्वच्छ दिसलं, आणि मग ते बाजूला सारून त्यांनी फोटोग्राफरचा चेहरा केला, फिल्म अडकल्यावर करत तो. "मग घरातल्याले दारात बसव," ते म्हणाले. "दारातल्याले घरात घे. त्यानं लय वर्षं वाट पाहिली. दारात बसणाऱ्याले मधलं काय करायचं आहे? त्याले कडेचंच तर लागते."

"कॅमेरा आड येऊन राहिला, बाबा."

"उभा धर न मग. बटणाचा हात खाली घे."

इतकं साधं होतं ते. तिनं कॅमेरा उभा केला, उजवा हात खाली, आणि कॅमेऱ्याचा धोंडा डाव्या बाजूला निघून गेला. उजव्या डोळ्यासमोर खोली उघडली. आधी दोन चित्रं एकावर एक आली, डोकं गरगरलं, लहानपणी गरगरायचं तसंच. ती थांबली. तलावाकाठच्या त्या मुलीलाही थांबावं लागलं होतं. मग हळूहळू डाव्यात चौकट बसली: बाबांचं कपाळ, गंध, मोठे कान, मांडीवरचे हात. ती सवयीनं चारही कोपरे फिरून आली, आई बाहेर निघताना सगळ्या कड्या ओढून बघायची तशी. वर डाव्या कोपऱ्यात पंख्याचं पातं येत होतं, ते काढलं. डोक्यावर चार बोटं सोडली. आणि तेवढ्यात उजव्या डोळ्याच्या अगदी कडेला काहीतरी उजळलं. तिनं तिकडं पाहिलं नाही, पाहायची गरज नव्हती; दारातला सांगत होता की स्वयंपाकघरातून दिपाली दिव्यांचं ताट घेऊन निघाली. त्या डोळ्यानं पहिल्याच दिवशी नोकरी पत्करली होती. मुग्धाचं ऊर भरून आलं. आपल्याला डोळे दोन दिले आणि दोघांनाही कामाला लावलं, ही कृपा कुणाची तेही तिला ठाऊक होतं. ती कृपा समोर पाटावर बसली होती आणि मांडीवर हात ठेवून उजेडाची वाट बघत होती.

उजेड बाबांच्या हनुवटीवर आला, गालांवर चढला. बटण दाबायच्या आधी तिनं क्षणभर नजर बाहेर वळवली, उजव्या डोळ्यानं, शेजारच्या पाटाकडं. रांगोळीची वेल दिसली. पाटाची कड दिसली. मधोमध ओला अंगठा होता. तिथं कुणी आहे की नाही, हे त्या डोळ्याला सांगता येत नव्हतं. मग ती घरात परतली आणि तिनं बटण दाबलं.

ओवाळणं झालं, सगळ्यांनी वाकून नमस्कार केले. गर्दी पानांकडं सरकल्यावर बाबांनी हात पुढं केला. तिनं कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मागच्या पडद्यावरचा फोटो जवळ आणून, लांब नेऊन पाहिला.

"आभाळ बरोबर सोडलं," ते म्हणाले. मग बोटानं फोटोची कड चाचपली. "पाट नाही आला तिचा."

"नाही आला. उभ्यात मावत नव्हता. तो मी दारातल्या डोळ्यानं पाहिला."

दत्तोपंतांनी वर बघितलं. त्यांचा आवाज जरा बारीक झाला. "रिकामा होता?"

"नाही, बाबा," मुग्धा म्हणाली. "त्या डोळ्याला नाही दिसला रिकामा."

त्यांनी मान हलवली, पुन्हा हलवली. मग पट्टा तिच्या गळ्यात अडकवला, दोनदा ओढून पाहिला, आणि कॅमेऱ्यावरचा हात काढला.